करवंदीखालची माती

लढाई संपून वर्ष झालं होतं. कराडला विट्याच्या मोटारीसाठी रांग लागली होती. जन्मात कुदळ न धरता गावोगाव शेतीचा सल्ला देत फिरणारे दिवेकर साहेब तोंडापुढं वर्तमानपत्र धरून उभे होते. कारण पुढंच रंगूबाई होती, मातीची टोपली घेऊन.

"आवं रंगूमावशी, विट्याकडं माती न्हाई व्हय?" पलटणीतून सुटून आलेल्या केरबानं तिला विचारलं.

"हाय की. पर ही आगाशिवाच्या डोंगरातली, करवंदीच्या जाळीखालची हाय. बांध ढासळाय लागला म्हणून तिथनंच बारा रोपं नेऊन लावली. नऊ मेली. ऱ्हायलेल्या तिनाच्या बुडात घालाय नेती."

"मेली कशानं?"

"मुळांला पांढरं धागं हुतं. एक साहेब म्हनला, बुरशी हाय, रोग हाय, धुऊन काढ. लय शिकल्याला मानूस. मी धुतली."

वर्तमानपत्र आणखी वर गेलं.

"मातीत बारीक जीव असत्यात, मावशी. पलटणीच्या डाक्टरनं भिंगातनं दावलं मला. चांगलं बी, वंगाळ बी."

"असत्याल. आन् ह्यो धागा त्यांच्यातली थोरली जाऊ. कुनाला मुळापाशी बसवायचं, कुनाला हाकलायचं, तीच ठरवती. तिलाच भाईर काढल्यावर घर चालंल व्हय?"

"आन् त्यो साहेब गावला तर?"

"गावलाय की. मगाधरनं एकच पान वाचतोय."

मोटार आली. रंगूबाईनं मागं वळून टोपली पुढं केली.

"धरा साहेब, मी चढस्तवर. फकस्त धुऊ नगा."