पुन्हा तीन

शिवणकाम करणाऱ्या बाई आतड्याच्या तपासणीसाठी नंबर लावून बसल्या होत्या. शेजारी, नुकतीच तपासणी झालेले एक म्हातारे सुतार आणि त्यांची मुलगी. बाईंना ऐकायचं नव्हतं, पण कान काही मिटता येत नाहीत.

"किती गाठी निघाल्या, बाबा?"

"तीन. मसुराएवढ्या. काढल्या म्हणाले."

"मग झालं तर!"

"मागच्या खेपेला चार काढल्या, तेव्हाही हेच म्हणालीस. त्याआधी दोन. किडलेली फळी बदलता येते गं, आतडं कसं बदलू?"

"वेळीच काढल्या की भीती नसते. आत्या तपासायला गेलीच नव्हती, म्हणून कॅन्सरने गेली."

"तीन वर्षांनी परत बोलावलंय. पुन्हा ते जुलाबाचं पाणी, पुन्हा हा बाक. मी नाही येणार."

"असं नका बोलू."

"डॉक्टर म्हणाले, मुलांनाही तपासून घ्या. मी सांगितलं, मला मूलबाळ नाही."

"बाबा!"

"तुला कुठल्या तोंडाने सांगू? बापाकडून हेच मिळायचं होतं का?"

"मी गेल्या महिन्यात करून आले."

"काय निघालं?"

"दोन."



"आता तुला कधी बोलावलंय?"

"तीन वर्षांनीच."

"मग येईन मी. दुसरं काय उरलंय हातात?"

आतून बाईंना हाक आली. त्या उठल्या, तेव्हा बापलेकीने त्यांना वाट द्यायला पाय आत ओढून घेतले.