स्तामातियाची पदवी आणि आर्गिरोमावशींची साक्ष

आदरणीय अध्यक्ष, नगरप्रमुख श्री. पान्तेलिस, व्यासपीठावरचे बंदर-अधिकारी आणि पाद्रीमहाशय, उत्सवमूर्ती स्तामातिया, पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या आई आर्गिरोमावशी, आणि जाळी वाळत टाकून इथे आलेल्या माझ्या बेटवासीयांनो,

बावीस वर्षं बोटीच्या तिकीटखिडकीत बसलेली आपली स्तामातिया उद्या व्होलोस शहरातल्या ग्रंथालयात रुजू व्हायला निघते आहे. वय सत्तेचाळीस. पदवी घरबसल्या, संगणकावर मिळवलेली.

मी खडू हातात धरून म्हातारा झालेला मुख्याध्यापक. मला एकच कुतूहल, मास्तर समोर नसताना माणूस शिकतो तरी कसा? म्हणून दर गुरुवारी मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचो.

"अडलं तर विचारतेस कुणाला?"

"लिहून पाठवते, सर. दोन दिवसांनी उत्तर येतं. तोवर बऱ्याचदा माझं मलाच सुटलेलं असतं."

आता याला फायदा म्हणावं की तोटा? एकदा मात्र ती म्हणाली, "चार वर्षं झाली, पण शेजारी बसून कुणी माझ्या वहीत डोकावलं नाही."

मग शेवटची परीक्षा आली. कॅमेरा सुरू, खोलीत दुसरं कुणी नको, असा नियम. आणि आर्गिरोमावशी मसुराचं सूप घेऊन थेट आत! "दुपार टळली, दोन घास खा आधी," म्हणत संगणकाच्या पडद्यात डोकावल्यासुद्धा. परीक्षा तिथेच बंद पडली. आठवड्याने पत्र आलं : उत्तरं सांगायला कुणी आल्याचा संशय. तो खरा ठरला तर चार वर्षांवर पाणी. वर्गात मी असतो, तर मावशींना बघून हसलो असतो. कॅमेऱ्याला कुठली मावशी कळणार?

चौकशीही पडद्यावरच झाली. मी शेजारी बसलो होतो. चौकशी करणाऱ्या तिघांपैकी एका प्राध्यापकबाईंनी विचारलं, "आजी, तुम्ही प्रश्न वाचलात का?"

मावशींनी एप्रनला हात पुसले. "बाई, मला अक्षरओळख नाही."

स्तामातिया बघतच राहिली. "आई, अगं, चर्चमध्ये तू पुस्तक हातात घेऊन..."

"स्तोत्रं पाठ आहेत गं. पानं शेजारणीचं बघून उलटते."

मंडळी, मी त्यांच्यापासून दोन घरांवर राहतो. मला पत्ता नव्हता!

त्या बाईंनी मावशींचं म्हणणं लिहून घेतलं. मग फेरपरीक्षा मिळाली, आणि स्तामातिया उत्तम गुणांनी पास झाली.

परवा मी मावशींना विचारलं, "हे सभेत सांगू?"

"सांग की. पण गाव म्हणतं तसं सूप करपलं नव्हतं, तेही सांग."

"इतकी वर्षं आम्हाला कळू दिलं नाहीत, मग त्या परक्यांना कसं सांगितलंत?"

"ते लांब होते रे. सकाळी उठून बेकरीत त्यांना तोंड दाखवायचं नव्हतं मला."

घरबसल्या शिक्षणाच्या फायद्या-तोट्यांचा एवढा विचार केला मी, पण हे काही सुचलं नव्हतं.

स्तामातिया, तिथे ग्रंथालयात कुणी पुस्तक धरून नुसतीच पानं उलटत असेल, तर काही विचारू नकोस. जवळ जाऊन बस.

तुम्ही शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर म्हाताऱ्या मास्तराला सांभाळून घ्या.