भोंग्याची पंगत

अन् म्या उठलो नाही त चुकलं काय माहं, सांगा ना! पानात पुरनपोळी, पोळीवर तुपाची धार, पह्यला घास हातात... अन् वाजला भोंगा! भरल्या ताटावरून उठाव का हो मानसानं?

वाशीमले तो नवा जीन निघाला ना, कापसातली सरकी काढाचा, तिथली गोष्ट सांगून राह्यलो तुमाले. दुसऱ्या जिनात कशी भरती होते? मुकादम दंड पाह्यते, "चाल बे, लाग कामाले," झालं! पन इथचा म्यानेजर मुंबईहून आलेला. "आमच्याकडे नव्या पद्धतीने माणसं निवडतात हं! आधी सर्वांनी जेवून घ्या." आमी केनवडचे भोळे लोक, बसलो पंगतीले. इकडे बाप्ये, तिकडे बाया, त्यात आमची बायको कस्तुराबाई बी. कोनाले ठाव का हेच परीक्षा हाये!

भोंगा वाजला अन् म्यानेजर ओरडला, "उठा! यंत्र कुणाच्या घासासाठी थांबत नाही!" अरे, तुह्यं यंत्र नसन थांबत, पन माह्या बापानं सांगतलं होतं, घरावर दरोडा पडला तरी अन्न टाकून उठू नको! बाजूचा लालसिंग पोळी तोंडात कोंबूनच उठला लेकाचा. त्याले घेतलं! अन् मले काय म्हनते? "तुम्हाला वळण लागणार नाही." मले! वळन! नव्या लोकायले पयले आठ दिवस भोंग्यावर नुसती ऊठबस शिकवते म्हने, कापसाले हात बी लावू देत नाही. हे काय काम झालं? भरल्या ताटावरून उठाव का हो मानसानं?

अन् सगळ्यायच्या आंधी कोन उठलं? आमची कस्तुराबाई! भोंगा पुरा वाजला बी नव्हता! म्यानेजर खुश, "वा बाई! तुम्ही उद्यापासून या!" बाहेर आल्यावर भडकलोच म्या, "काहून उठली वं तू? लाज नाही वाटली?" त कशी म्हनते, "पानी आन, मीठ आन, भाकर वाढ... तुमच्या घरी ताट पुरं होयेपावतो एक डाव तरी बसली काय म्या? भोंगा त आंगावर वसकत बी नाही."

अन् गेली ना दुसऱ्या दिवशी कामाले!

राह्यतो आता जिनामांगच्या खोपटात. बायको जिनात, म्या घरी तान्ह्या पोरीपाशी. कालचीच गोष्ट... पिठलं-भाकर वाढून घेतली, पह्यला घास उचलला, वाजला भोंगा. भोंग्यानं झोयीतली पोरगी दचकली, लागली भोकाड पसराले. उठलो बाप्पा. भरल्या ताटावरून उठलो.

लागलं म्हना वळन!