शूर चादर

...नाही, पण चिंता म्हणजे किती करावी माणसानं? तुम्हाला सांगते, आमच्या वरच्या मजल्यावरचे मस्यू रोम्बो नोकरी म्हणून चिंता करतात! खोटं कशाला बोलू? इथं ब्रसेल्समधे, युरोपच्या त्या काचेच्या मोठ्या इमारतीत त्यांचं टेबल. जगात कुठं लोक हुकूमशहाविरुद्ध रस्त्यावर आले, की आपल्या सरकारांनी काय बोलायचं ते हे लिहून देतात. त्यातही पायऱ्या! लोकांना झोडपलं तर नुसती 'चिंता'. माणसं मेली की 'तीव्र चिंता'. आणखी मेली की 'अत्यंत तीव्र'. मी विचारलं, "आणि त्याच्या पुढं हो?" तर चष्मा पुसत म्हणाले, "त्याच्या पुढं काहीतरी करावं लागतं, मादाम. तो विभाग वेगळा."

बघा! तो विभाग वेगळा!

तर त्यांच्याही वर राहते आमची याडविगा. मिन्स्कची पोरगी, इथं वृद्धाश्रमात काम करते, जिन्यात भेटली की माझी पिशवी ओढून घेते, अशी गुणी. तिची थोरली बहीण उल्याना तिकडेच. तिकडे निवडणुकीत घोळ झाला, लोक उठले, पोलीस दिसेल त्याला उचलायला लागले... आणि उल्यानानं काय केलं? धुणं वाळत घातलं! बाल्कनीत पांढरी चादर, मधे लाल पांघरूण, परत पांढरी चादर. झालं! पांढरं-लाल-पांढरं म्हणजे निदर्शकांचं निशाण. दारात पोलीस! ही सांगतेय, "अहो, ओली आहे ती, हात लावून बघा," आणि ते ओल्या चादरीसकट तिला घेऊन गेले.

सुटून आली तेव्हा शाळेतली नोकरी गेलेली. आता दुसरी कुणी असती तर धुणं न्हाणीघरात वाळवलं असतं की नाही? हिनं दुसऱ्याच दिवशी पुन्हा तस्संच बाहेर लावलं! मुद्दाम! म्हणाली, "मागच्या वेळी चुकून होतं, आता नाही." कुणीतरी फोटो काढला, तो जगभर फिरला, आणि पोलीस परत तिला शोधायला लागले. ती गावाकडे आत्याच्या घरी लपलेली, नि इकडे याडविगा माझ्यापाशी रडतेय... "मावशी, तिला व्हिसा मिळाला तर वाचेल हो. तुमची त्या मस्यूंशी ओळख आहे ना?"

ओळख? मला तर त्यांच्या दारातलं पायपुसणं कधी आणलं ती तारीखसुद्धा ठाऊक आहे! लगेच जेवायला बोलावलं. मी बिअरमधे शिजवलेलं मटण केलं, याडविगानं बटाट्याच्या धिरड्यांचा डोंगर रचला. तिकडचीही आम्हा ब्रसेल्सवाल्यांसारखीच बटाट्याची माणसं, कळलं ना? मस्यूंनी सहा धिरडी खाल्ली, बोटं चाटली, सगळं ऐकलं, आणि डोळ्यांत पाणी, हो! म्हणाले, "तुमची बहीण म्हणजे आमचा अभिमान आहे, मादमुआझेल. तिच्या त्या फोटोबद्दल मी स्वतः लिहिलंय. 'बाल्कनीतलं धैर्य'!"

याडविगा म्हणाली, "मग तिचा व्हिसा...?"

मस्यूंनी सातवं धिरडं उचललं. "तो विभाग वेगळा."

मी म्हटलं, "अहो, मग त्या विभागात जाऊन सांगा की! एकाच इमारतीत लिफ्ट नाही का?" तर म्हणे इमारत वेगळी, देश वेगळा, आणि तिथं सही करणारा माणूस सुट्टीवर. आमच्याकडे ऑगस्टात सगळेच सुट्टीवर, संकट आलं तर त्यालाही सप्टेंबरपर्यंत थांबावं लागतं.

आणि व्हिसा नाकारला हो! कारण ऐकाल? म्हणे, 'अर्जदार आपल्या देशात परत जाईल याची खात्री वाटत नाही.' अहो, कशी वाटेल? परत जायचं असतं तर व्हिसा मागितला कशाला असता बिचारीनं? याडविगा तर हसायलाच लागली, आणि मग ते हसू थांबेना, मला तिच्या तोंडावर पाणी मारावं लागलं.

त्याच आठवड्यात मस्यू नवा कोट घालून आमच्या दारात. "मादाम, आनंदाची बातमी! आमच्या कचेरीच्या इमारतीत प्रदर्शन आहे. मधोमध उल्यानाच्या चादरीचा फोटो, भिंतभर! तुम्ही दोघींनी यायचंच."

याडविगा येईना. मी तिला ओढत नेलं... म्हटलं, कुणी मोठा भेटेल, त्याच्या कानावर घालू. अहो, काय तो थाट! चीज, वाइन, पांढरी-लाल-पांढरी फुलं. चादर एवढी मोठी, की तिच्यावरची सुरकुतीसुद्धा शूर दिसत होती. एक बाई भाषण करताना म्हणाल्या, "आम्ही उल्यानाच्या पाठीशी उभे आहोत!" आणि खरंच सगळे उभे राहिले, टाळ्या वाजवल्या. कुणाला? पहिल्या रांगेत एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर उल्यानाच्या नावाची पाटी. याडविगानं त्या बाईंना गाठलं, बहिणीचा फोन नंबर हातात दिला. बाईंनी तिचे दोन्ही हात धरले, डोळे मिटले, आणि नंबर शेजारच्या माणसाला दिला. त्यानं तो खिशात ठेवला आणि चीज घेतलं.

माझे गुडघे तर तुम्हाला माहितीच आहेत. मी आपली त्या रिकाम्या खुर्चीवर टेकले. लगेच एक गणवेशातला रखवालदार धावत आला. "मादाम, ही जागा राखीव आहे."

"ती येणार नाहीये, बाबा. तुम्हीच येऊ दिलं नाही."

"म्हणूनच राखीव आहे, मादाम."

उठले. काय करणार? त्या इमारतीत बसायला जागा हवी असेल, तर माणसाला आधी बाहेरच अडकून राहावं लागतं, बघा.