हिरवा गुल्लू, गुलाबी गुल्लू

...नाही, तुम्हीच सांगा, ज्या अळीले माराचा मी सरकारचा पगार घेतो, तिचंच स्टिकर माह्या घरच्या फ्रिजवर काहून? तुमाले सांगतो, दोन हजार चारची गोष्ट. घाटंजीत आमच्या केबलवाल्या नजीरभाईनं एक नवीन चॅनल लावलं, लहान पोरायचं, दिवसभर नुसते कार्टून. त्यातला हिरो कोण? वाघ नाही, ससा नाही... अळी! हिरवीगार, गुबगुबीत, नाव गुल्लू. शेतात घुसे, सारं फस्त करे, ढेकर दे अन् म्हणे, "मजा आ गया!" अन् इकडं खऱ्या शेतात हिरवी बोंडअळी कपाशीची पऱ्हाटी खाऊन राह्यली. अन् मी कोण? कृषी सहायक!

माही स्पृहा तवा सहा वर्षांची. मी फवारणीचं पोस्टर घेऊन निघालो का दारात आडवी. मले बाबा म्हणणं सोडलं पोरीनं, टीव्हीतलं हिंदी झाडे, "पिताजी, उसे मत मारिए, उसे भूख लगी है." कायची भूख? एकदा गावात सभा घेतली, भिंतीवर अळीचं चित्र टांगलं, तं सारे लेकरं टाळ्या पिटून नाचले, गुल्लू आला, गुल्लू आला! मारोतराव म्हणजे माह्या भरवशाचा शेतकरी, मी सांगन तेच पेरणारा, तोबी हासून राह्यला. म्हणे, "साहेब, तुम्ही याले माराले आले का याचा वाढदिवस कराले?"

मग दिवस पालटले, भाऊ. नवीन बियाणं आलं, म्हणे अळी लागतच नाही. मी गावोगाव तेच सांगत फिरलो, मारोतरावले तं हात धरून सांगितलं, अळी मेली, आता विसरा. अन् योग पाहा, तिकडं गुल्लूचीबी उतरती कळा! तेच ते जुने भाग, मग पोट कमी कराच्या पट्ट्याच्या जाहिराती, मग गुल्लूच्याच कार्टूनच्या मधी त्या नव्या बियाण्याची जाहिरात... अन् एक दिवस पडद्यावर नुसत्या मुंग्या. नजीरभाई म्हणे, साहब, चॅनलच बंद पडलं, मैं क्या करूं? स्पृहा दोन दिवस जेवली नाही. तिलेबी मी तेच सांगितलं, गुल्लू मेला, आता विसर. मनातून तं मी खूश होतो. कृषी सहायक ना मी!

नऊ-दहा वर्षं बरी गेली. दोन हजार सतराच्या दिवाळीनंतर एका सकाळी स्पृहाचा फोन, अमरावतीच्या होस्टेलवरून. बाबा, गुल्लू परत आला, चॅनल पुन्हा सुरू झालं, त्याले नवीन रूप दिलं! म्हटलं, कोणतं रूप वं?

"गुलाबी केलं त्याले."

फोन ठेवतो न ठेवतो तं मारोतराव दारात. खिशातून बोंड काढलं, नखानं फोडलं अन् माह्यापुढं धरलं. आत अळी... गुलाबी! पाच एकराची पऱ्हाटी त्याची, सारे बोंडं तसेच.

"साहेब, तुम्ही म्हणाले होते मेली."

बस, एवढंच बोलला. शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं मले, खरं सांगतो.

वर कळवलं. वरून कागद आला, निरीक्षण करावे व पुढील आदेशाची वाट पाहावी. आता कायचं निरीक्षण करू, अन् किती दिवस? रोज संध्याकाळी मारोतराव फोन करतो, साहेब, काय करून राह्यले? अन् मी कोण, कृषी सहायक... टीव्हीपुढं बसलेला. खोटं कायले बोलू?

"अळीच पाहून राह्यलो, मारोतराव."