टर्बो, सुपरचार्जर आणि आमचा कौल

...आणि वर मलाच विचारतो, ‘लवूकाका, तुम्हीच सांगा, टर्बो लावू की सुपरचार्जर?’ अरे, मी काय सांगू? संपात गिरणी गेली तेव्हा डगमगलो नाही, लालबागच्या नाक्यावर भाजी विकली, पोरं मोठी केली, पण हे... तुम्हाला सांगतो, मी घाबरत नाही हां, मला फक्त जगायचंय!

हा जयवंत माझा पुतण्या. परळला गॅरेज आहे त्याचं. कुठून तरी एक जुनी दोन दारांची स्पोर्ट्स कार उचलून आणली, लालभडक, आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे उकिडवंच बसायचं. बरं, धावते ना ती? मग धावू दे की! नाही. इंजिनात जास्त हवा कोंबायची म्हणे, मग गाडी उडते. कोंबायच्या दोन तऱ्हा. टर्बोचा पंखा फिरतो इंजिनातून सुटलेल्या धुरावर, आणि सुपरचार्जर फिरतो इंजिनाच्याच पट्ट्यावर. फिरू देत, माझं काय जातंय? पण आमच्या घरात रीत, नवी गाडी आली की पहिला बसणार घरातला मोठा पुरुष. आणि मोठा पुरुष कोण? मी!

‘काका, आधी दोन्ही बघून घ्या.’ मित्राची टर्बोवाली आणली, मला आत कोंबलं आणि चढवली लालबागच्या पुलावर. पाय दाबला... काही नाही. अजून दाबला... काही नाही! म्हटलं, देव पावला, बिघडली. तेवढ्यात धाड्! अहो, मी चिंचपोकळीला आणि माझं पोट अजून भारतमाता टॉकीजजवळ! ओरडलो, ‘उतरव मला!’ तर हसतो. ‘काका, यालाच टर्बो लॅग म्हणतात.’ अरे, तुझ्या लॅगच्या नानाची टांग! दुसऱ्या दिवशी सुपरचार्जरवाली. तिथे थांबणं-बिंबणं काही नाही, पाय ठेवला की सुटली, आणि आवाज? मसाला गल्लीतलं मिरची कांडायचं मशीन कानात बसवल्यागत, कुंईंईं! डोळे मिटले ते भायखळ्यालाच उघडले. कसंबसं विचारलं, ‘जयवंता, थांबायला काय लावणारेस रे?’ ‘ब्रेक ना? ते पुढच्या महिन्यात बघू.’ पुढच्या महिन्यात! मी घाबरत नाही हो, पण पुढचा महिना मला बघायचाय की नाही?

घरात रोज वाद. शेवटी आमची आई, गंगुबाई, ऐंशीच्या पुढची, कडाडली, ‘गप ऱ्हवा सगळे! देवाक कौल लावया.’ म्हणजे काय, गावच्या रवळनाथाच्या तसबिरीवर पाण्याने दोन पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर टर्बो, डावी पडली तर सुपरचार्जर. आईने गाऱ्हाणं घातलं, ‘बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान गाडयेक टरबो लावचो की सुपर ता काय ता लावचा, तेचो निवाडो कर रे म्हाराजा!’ सगळे म्हणाले, ‘व्हय म्हाराजा!’ सगळ्यात मोठ्याने मी. कारण पाकळ्या चिकटवायचं काम मी मागून घेतलं होतं ना! पाण्याने नाही... डिंकाने! म्हटलं, पाकळी पडणार नाही, देव बोलणार नाही, गाडी आहे तशी राहील आणि मीही आहे तसा राहीन. सांगा, चुकलं काय माझं? मी घाबरलो नव्हतो हां, मला फक्त जगायचं होतं!

तर सगळे बसलेत वाट बघत. वहिनीने, जयवंताच्या आईने, पंखा लावला, बंद केला, परत लावला. जयवंत लांबून हळूच फुंकर घालतोय. आईने तीन तीनदा गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या सुकून वाळल्या, पण हलतील तर शपथ! मी मनातल्या मनात पेढे वाटतोय. आणि आईने डोळे उघडले, तसबिरीकडे बघितलं, हात जोडले. ‘बघलास? देवान दोनय धरून ठेवल्यान! तेका दोनय व्हये असतले!’

मी ताडकन उठलो. म्हटलं, गाडीला दोन-दोन कुठे असतात, आई? तर जयवंत टुणकन उडाला. ‘आजी! लावतात की दोन्ही एकत्र! आधी सुपरचार्जर ओढणार, मागून टर्बो ढकलणार!’ आणि मध्ये कोण? मी!

आज दोन्ही बसवून झाले. खाली हॉर्न वाजतोय, ऐकताय ना? आई नारळ घेऊन उभी आहे, गाडीचं दार उघडलंय, अख्खी चाळ गॅलरीत. बोलायचं तरी कुणाला? एरवी देवाला बोललो असतो हो... पण डिंक माझा होता!