कैद्याची आठ कपाटं

ग्रंथपाल : तुमचं पत्र मी जपून ठेवलंय बरं का.

शेजारीण : जपायला नव्हतं दिलं, उत्तर द्यायला दिलं होतं. रविवारी मी भाचीकडे कायमची राहायला निघालेय. तोवर लोणचं घाला त्याचं.

ग्रंथपाल : मसुदा चालू आहे.

शेजारीण : सहा महिने? एका ओळीचा तर प्रश्न. ‘आपण दोघं एका घरात राहू या का?’ जाऊ दे, सिनेमा लावा. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा नुसता नावाला. खालच्या ओळी तुम्ही वाचायच्या.

ग्रंथपाल : स्पॅनिश आहे, जुना. किल्ल्यात एक कैदी, आणि किल्लेदाराची मुलगी त्याला रोज पाणी द्यायला येते. आता ती विचारतेय, ‘तुला सुटायचं नाही का?’

शेजारीण : आणि तो?

ग्रंथपाल : तो... अरेच्चा.

शेजारीण : अरेच्चा म्हणतो?

ग्रंथपाल : नाही, नाही. तो म्हणतो, ‘सुटून जाऊ कुठे? तू येतेस तेवढा वेळ सोडला, तर माझ्या दिवसात आहे काय?’

शेजारीण : गोड बोलतो मेला. पुढे?

ग्रंथपाल : ‘पण मी घोरतो. गुडघे दुखतात. शिवाय पुस्तकांची आठ कपाटं आहेत, ती कुठे ठेवायची?’

शेजारीण : कोठडीत आठ कपाटं?

ग्रंथपाल : किल्ला मोठा आहे.

शेजारीण : मग ती काय म्हणते?

ग्रंथपाल : तिचं मला नीट वाचता येत नाहीये.

शेजारीण : मी सांगते. ती म्हणते, ‘चार ठेव, चार वाटून टाक.’

ग्रंथपाल : तो सहा म्हणतो.

शेजारीण : पाच.

ग्रंथपाल : तो तयार आहे.

शेजारीण : ग्रंथपाल, पडद्यावर घोडा आहे. एवढं दिसतं मला.

ग्रंथपाल : हो का.

शेजारीण : मघापासून घोडाच आहे. आणि खाली पांढरं काही हलत नाहीये.

ग्रंथपाल : ओळी बंद पडल्यात, बाई. तिच्या प्रश्नानंतर एकही आली नाही. कृपा करून हसू नका.

शेजारीण : हसू नको तर काय करू? पट्टी भिजली, आता डॉक्टर माझ्यावर ओरडणार.

ग्रंथपाल : मी निघतो.

शेजारीण : दार उघडंच आहे. तुमच्या कैद्याचं काय? तो निघाला का?

ग्रंथपाल : नाही. त्याचंही दार उघडलंय, पण बसून आहे.

शेजारीण : मग तुम्हीही बसा. हा कागद, हे पेन. भाचीला काय कळवायचं ते मला लेखी हवं. तोंडी उत्तराला तुम्ही उद्या शुद्धिपत्र काढाल.

ग्रंथपाल : एकाच ओळीत?

शेजारीण : घोडा किल्ल्यावर पोचायच्या आत.

ग्रंथपाल : झालं लिहून. पण हातात द्यायला संकोच वाटतो.

शेजारीण : मग पोस्टमनसारखे बाहेर उभे राहा आणि दाराच्या फटीतून टाका.

(दार लागतं. थोड्या वेळाने खालच्या फटीतून घडी केलेला कागद आत सरकतो.)

ग्रंथपाल : मिळालं का?

शेजारीण : मिळालं. आता आत या आणि वाचून दाखवा. लिहिलं असेल तेवढंच.